‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत बसू नका

छातीत कळ आली की घरात धावाधाव होते. कोणी रिक्षा बघायला पळतो, कोणी शेजाऱ्याची गाडी मागतो. पण त्याच घरात सकाळी चहाचा कप हातातून निसटला, जीभ जड झाली, तोंड थोडे वाकडे दिसले, तर पहिला प्रश्न येतो, “कुठे दुखतंय का?” उत्तर मिळते, “नाही, दुखत काहीच नाही.” सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. “मग जरा पडून राहा, बरं वाटेल.”

हा लेख त्या एका प्रश्नाच्या विरोधात आहे. पक्षाघात ओळखायला ‘दुखतंय का’ हा प्रश्न कुचकामी आहे. त्याचे ‘नाही’ हे उत्तर ऐकून जे घर निवांत बसते, ते आपल्या माणसाचा हात, पाय आणि वाचा पणाला लावते. हे का, ते समजून घ्या. एकदा समजले की तुम्ही पुन्हा असे थांबणार नाही.

मेंदूला स्वतःचे दुखणे कळत नाही

दुखणे हा एक निरोप असतो. तो धाडणारी टोके कातडीत, स्नायूंत, सांध्यांत, पोटातल्या आवरणांत असतात. पायाचे बोट उंबऱ्याला ठेचले की आधी नुसते ‘आपटले’ एवढे कळते आणि क्षणभराने ठणका लागतो. स्पर्शाचा निरोप जाड, वेष्टण असलेल्या तंतूंवरून सेकंदाला सुमारे 50 मीटर वेगाने जातो, हायवेवरच्या गाडीपेक्षाही जोरात. रेंगाळणारा ठणका मात्र बारीक, वेष्टण नसलेल्या तंतूंवरून सेकंदाला साधारण 1 मीटरने येतो, म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीने. दोन्ही निरोप मज्जारज्जूतून मेंदूत पोचतात आणि ‘मला दुखतंय’ ही जाणीव तिथे तयार होते.

पण सगळ्या शरीराचे दुखणे ओळखणाऱ्या या मेंदूच्या गाभ्यात दुखणे कळवणारी टोकेच नाहीत. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड या सर्जनने 1930 च्या दशकात कवटीवरची त्वचा तेवढी बधिर करून, जाग्या रुग्णाच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श केला. रुग्ण बोलत होते, कुठे मुंग्या आल्या ते सांगत होते. मेंदू दुखला असे कोणी म्हणत नव्हते. आज मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही मेंदूच्या काही गाठी रुग्णाला जागे ठेवून काढतात, त्याच्याशी बोलत बोलत.

म्हणून रक्तावाचून मेंदूचा तुकडा मरायला लागतो तेव्हा तो ओरडत नाही. मेंदूवरच्या आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना मात्र दुखते. त्यामुळे रक्तस्राव झाला तर अचानक भयंकर डोकेदुखी होऊ शकते, आणि तीही तितकीच धोक्याची खूण आहे. पण बहुतेक पक्षाघात गुठळी अडकून होतात आणि ते बहुधा न दुखता येतात. छातीतला झटका दार ठोठावतो, डोक्यातला झटका मागच्या दाराने आत शिरतो.

बिघाड हातात नसतोच

आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं’. अर्धांगवायू या शब्दातही वायू बसलेला आहे. शब्द जुना आहे, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यातून निघणाऱ्या उपचाराला. वारे लागले म्हणून खोलीच्या खिडक्या लावायच्या, गोधडी पांघरायची, तेल कोमट करायचे, हात चोळत बसायचे. हे सगळे हाताला चालते. हात तर ठणठणीत असतो! त्यातले स्नायू, हाडे, रक्त सगळे जागेवर असते. त्याला हुकूम देणारे ठिकाण बंद पडलेले असते.

ते ठिकाण कुठे आहे, याचा नकाशा पेनफिल्डने त्याच शस्त्रक्रियांतून काढला. मेंदूच्या वरच्या थरात हालचालीचा एक पट्टा आहे आणि त्याच्या मागे संवेदनेचा दुसरा. या पट्ट्यांत शरीराला त्याच्या आकाराप्रमाणे जागा मिळालेली नाही. पाठीला थोडी आहे, पण अंगठ्याला, बोटांना, ओठांना आणि जिभेला भरपूर आहे, कारण बारीक काम तेच करतात. म्हणून पक्षाघात आधी दिसतो तो सदऱ्याचे बटण लावताना, चमचा धरताना, हसताना, बोलताना.

हुकमाची तार मेंदूतून खाली उतरताना मानेच्या वर, लंबमज्जेत बाजू बदलते. म्हणून डाव्या मेंदूतला अडथळा उजव्या हातापायात दिसतो. बहुतेक माणसांची भाषाही डाव्या मेंदूत असते, म्हणून उजवे अंग गेले की अनेकदा वाचाही जाते. अशा माणसाला तुम्ही ‘भ्रमिष्टासारखा बोलतोय’ म्हणता. त्याची बुद्धी शाबूत असते, शब्दांचे कपाट तेवढे कुलूपबंद झालेले असते.

मेंदूचे वजन शरीराच्या 2 टक्के आहे, पण तो प्राणवायूचा सुमारे 20 टक्के हिस्सा घेतो. त्याच्याकडे साठा नाही. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात. मात्र मेलेल्या भागाभोवती एक कडा असते. तिथल्या पेशी बेशुद्ध असतात, मेलेल्या नसतात. सारा उपचार त्या कडेसाठी आहे. तुम्ही तेल तापवता तेव्हा ती कडा आक्रसत असते.

रुग्णाला विचारून ठरवू नका

“बाबांनाच काही वाटत नाही, ते जायला नको म्हणतात.” हे वाक्य डॉक्टर वारंवार ऐकतात. उजव्या मेंदूत झटका आला की काही रुग्णांना आपला डावा हात हलत नाही हेच कळत नाही. हात उचला म्हटले तर ते म्हणतात, उचलला की! ते खोटे बोलत नसतात आणि हट्टही करत नसतात. शरीराची खबर ठेवणारा भागच गेलेला असतो. फ्रान्सच्या जोसेफ बाबिन्स्की यांनी 1914 मध्ये या लक्षणाला नाव दिले. अशा वेळी रुग्णाचे मत हे आजाराचेच लक्षण असते. घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही, हा आपला संस्कार. या एका प्रसंगी तो मोडा.

दहा-पंधरा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले तरी निर्धास्त होऊ नका. गुठळी तात्पुरती सरकलेली असते. मोठ्या झटक्याचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. ‘आपोआप बरे झाले’ ही सुटका नाही, ती नोटीस आहे.

प्रत्येक मुंगीला बी-12 चे इंजेक्शन नको

हात-पाय बधिर झाले की ‘कमजोरी’, ‘नस दबली’, ‘एक इंजेक्शन मारा’ हे ठरलेले. बी-12 ची कमतरता खरी असते आणि तिच्यावर ते औषध लागू पडते. पण बधिरपणाला नकाशा असतो, तो आधी बघा. मधुमेह किंवा बी-12 ची कमतरता असेल तर बधिरपणा बहुधा दोन्ही तळपायांपासून, महिनोन्महिने, मोजे घातल्यासारखा वर चढतो. मनगटात नस दबली तर अंगठा आणि शेजारची बोटे रात्री बधिर होतात, हात झटकला की बरे वाटते. पक्षाघाताचा बधिरपणा अचानक येतो आणि एका बाजूला येतो. ‘अचानक’ आणि ‘एका बाजूला’ हे दोन शब्द जुळले की इंजेक्शनची रांग सोडा आणि मोठे रुग्णालय गाठा.

दोष फक्त लोकांचा नाही. सीटी स्कॅनची सोय नसलेल्या ठिकाणी अशा रुग्णाला सलाईन लावून ‘रात्रभर बघू’ म्हणणारे आमच्यातही आहेत. बीपी वाढलेले दिसले की जिभेखाली गोळी फोडून ते एकदम खाली आणणारेही आहेत. अडलेल्या वाहिनीच्या पलीकडे आडवाटेने जे थोडे रक्त पोचत असते ते याच दाबावर पोचते. तो दाब अंदाजाने पाडणे म्हणजे उरलेला नळही बंद करणे. सीटी स्कॅनशिवाय गुठळी की रक्तस्राव, हे कोणताही डॉक्टर नाडी बघून खात्रीने सांगू शकत नाही. एकाचे औषध दुसऱ्याला घातक ठरते. म्हणून ज्या दवाखान्यात स्कॅन नाही, तिथे पक्षाघाताच्या रुग्णाचा मुक्काम नको.

वरसाव्याच्या नाक्यावर साडेचार तास

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि या वेळेतही जितके लवकर तितका फायदा जास्त. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत करता येतो. पण ते स्कॅन बघून ठरते, आशेवर नाही.

आता हे साडेचार तास वरसावे, चेणे, काजूपाडा, घोडबंदर इथल्या घरात बसून मोजा. ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता फाउंटन हॉटेलपाशी मुंबई–अहमदाबाद महामार्गाला मिळतो आणि लगेच पुढे वसईच्या खाडीवरचा पूल. 2023 मध्ये नवा पूल सुरू झाला, तरी या नाक्यावर अडकून पडणे कोणाला नवीन नाही. पावसाळ्यात खड्डे पडतात, गायमुख घाटाची दुरुस्ती निघते, आणि अवजड गाड्यांच्या रांगेत रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत राहतो. घरी दोन तास ‘बघू’ म्हणण्यात गेले आणि रस्त्यावर दोन तास गेले, तर उपचाराला काय उरले? रस्ता तुमच्या हातात नाही. घरातले दोन तास आहेत.

रस्ता ज्यांच्या हातात आहे त्यांनाही विचारले पाहिजे. दुरुस्तीसाठी रस्ता बंद करण्याच्या प्रत्येक सूचनेत, अवजड वाहने कुठून जातील या ओळीइतकीच ठळक ओळ रुग्णवाहिका कुठून जाईल याची हवी. नगरसेवक मत मागायला दारी येतील तेव्हा हा प्रश्न विचारा. माझ्या मते दिव्यांच्या कमानीपेक्षा ती ओळ जास्त मोलाची आहे.

नेमके काय करायचे

- हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढले जाते का?
- डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात खाली घसरतो का?
- एक साधे वाक्य बोलायला सांगा. शब्द अडखळतात, भलतेच येतात का?
- अचानक तोल जाणे, एका बाजूचे दिसेनासे होणे, दोन-दोन दिसणे हेही बघा.

यातले एक जरी दिसले तरी घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठताना लक्षणे दिसली, तर रात्री झोपतानाची वेळ लिहा. उपचार देता येईल का, हे ठरवताना या वेळेला फार महत्त्व असते.

108 ला फोन करा. ही मोफत सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे. फोनवर नुसते ‘वर्सोवा’ म्हणू नका, अंधेरीचे वर्सोवा समजले जाईल. ‘घोडबंदरजवळचे वरसावे, फाउंटन हॉटेलचा नाका’ असे सांगा. निघतानाच रुग्णालयाला ‘पक्षाघाताचा रुग्ण आणतोय’ असे कळवा. मीरा रोड, ठाणे, बोरिवली या तिन्ही बाजूंना रात्री-अपरात्री सीटी स्कॅन आणि गुठळीचे इंजेक्शन कुठे मिळते, ही चौकशी आजच करा आणि ते नंबर फ्रीजवर चिकटवा.

पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नका. गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात आणि घोट फुप्फुसात जातो. अ‍ॅस्पिरीन स्वतःहून देऊ नका. उलटी होत असेल किंवा गुंगी असेल तर कुशीवर झोपवा. मधुमेह असेल आणि घरी यंत्र असेल तर साखर मोजा, कारण साखर खूप उतरली तरी असेच दिसते. पण त्यासाठी निघणे थांबवू नका. लुळ्या हाताला धरून उचलू नका, खांदा निखळतो.

मग तेल, मालिश, कबुतर?

कबुतराच्या रक्ताने चोळणे हा उपाय अजूनही सुचवला जातो. त्याने मेंदूतली गुठळी तसूभरही हलत नाही, पक्षी मात्र जिवानिशी जातो. हलकी मालिश अंगाला बरी वाटते, ती करायला माझी ना नाही. तिला उपचार म्हणू नका.

मेंदूतली मेलेली पेशी परत येत नाही, पण शेजारच्या पेशी तिचे काम शिकू शकतात. त्या चोळण्याने शिकत नाहीत, करण्याने शिकतात. लुळ्या हाताने पेला धरण्याचा प्रयत्न, पुन्हा प्रयत्न, दिवसातून शेकडो वेळा. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो आणि नेमके तेच महिने अनेक घरे एका गावच्या औषधाहून दुसऱ्या गावच्या औषधाकडे जाण्यात घालवतात. तो पैसा आणि ती ये-जा फिजिओथेरपीवर खर्च करा. घरच्यांनीही प्रेमापोटी घास भरवू नये. डाव्या-उजव्या हाताने सांडत का होईना, त्या माणसाला स्वतः जेवू द्या. सांडलेला भात पुसता येतो.

आणि पुढच्या वेळी घरात कोणाच्या हातून कप निसटला, तर ‘दुखतंय का’ विचारू नका. ‘हस बघू’ म्हणा.