जुने मशीन, खरा सौदा

धाकट्या भावाच्या टपरीसाठी आम्ही गेल्या वर्षी जुने कॉफी मशीन घेतले. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले होते. दोन कप चाखले आणि पैसे मोजले. घरी लावले तर पाणी तापायला पाऊण तास! आत क्षाराचा थर, पावडर मिसळण्याच्या भांड्याखाली गळती. अम्मींची शिल्लक दुरुस्तीत गेली.

म्हणून सांगतो, मशीन थंड असतानाच चालू करायला लावा. सलग दहा कप काढा; शेवटचाही पहिल्याइतकाच गरम आणि भरलेला हवा. सुटे भाग गावात मिळतात का, विचारा. परतीची मुदत कागदावर घ्या.

आता मोठे मशीन घ्यायचे, म्हणून हे विकायला काढले. गळती पुन्हा सुरू झाली होती. गिऱ्हाइकाने विचारलेच नाही. तेव्हा सहीह मुस्लिममधील हदीस आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले.

आम्ही भांडे काढून गळती दाखवली. दोन हजार कमी मिळाले. अल्हम्दुलिल्लाह, घेणाऱ्याने माहीत असून घेतले.