स्टेटसवरचे चित्र आणि कलम १९

एक चित्र घ्यायचे, त्यावर दोन ओळी खरडायच्या, की झाले ‘मीम’. पूर्वी हेच काम पानटपरीवरचा टवाळ माणूस तोंडाने करीत असे. पण त्याचे बोलणे टपरीपाशीच विरून जाई. मोबाईलवरचे चित्र बडनेऱ्याहून निघाले की मूर्तिजापूर, अकोला गाठायला त्याला पाच मिनिटे लागत नाहीत, आणि त्याचा स्क्रीनशॉट कोणाच्या हाती पडेल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आपल्या वऱ्हाडाने याची किंमत मोजली आहे. २१ जून २०२२ रोजी अमरावतीत एका औषध दुकानदाराचा खून झाला. व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या मजकुराच्या रागातून तो झाला, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. १३ मे २०२३ ला अकोल्याच्या जुन्या शहरात अशाच एका मजकुरावरून दंगल उसळली. एकाचा जीव गेला, इंटरनेट बंद करावे लागले. आणि शिर्डीत मे २०१५ मध्ये एका दलित विद्यार्थ्याला ठार मारले गेले ते मोबाईलच्या रिंगटोनवरून. गाणे बाबासाहेबांचे होते. त्याने तर कोणाची टिंगलही केली नव्हती!

“भाऊ, पोट्ट्यानं फोटूच टाकला ना, मानूस त नाई मारला!” पोलीस ठाण्यातून बोलावणे आलेल्या मुलाची आई मला म्हणाली. त्या माउलीचे खोटे नाही. घटनेच्या कलम १९ ने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली, त्यातील एकीने तर तो नुसता ‘लाईक’ केला होता. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केले. म्हणजे कोणाला राग आला, एवढ्याने गुन्हा होत नाही.

पण त्याच कलम १९ मध्ये बंधनेही आहेत. धर्म वा जातीवरून वैर पेटविणारा मजकूर आजही भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. ‘स्टेटस माझ्यापुरते’ हा बचाव चालत नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाने अशा एका प्रकरणात गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. ग्रुपच्या ॲडमिनला मात्र त्याच खंडपीठाने २०२१ मध्ये दिलासा दिला आहे. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला तो केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार नाही.

आता आपलेही बोलू. बाबासाहेब गोगलगायीवर बसलेले आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू, हे शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र अकरावीच्या पुस्तकात होते. २०१२ मध्ये त्यावरून वादळ उठले. वर्गातल्या आपल्या लेकराला ते चित्र पाहून काय वाटेल, ही वेदना खरी होती. परंतु पुण्यात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, ती मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. जे हत्यार शिर्डीत आपल्यावर चालले, ते आपण का उचलावे?

कायद्याचा रस्ता आहे ना! दलितांना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने वा अन्य प्रकारे अनादर करणे, हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा असे चित्र आले तर ते रागाने पुढे पाठवू नये, आपणच त्याचा प्रसार करतो. स्क्रीनशॉट, पाठविणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ जपून ठेवावी. दोन जाणत्यांना सोबत घेऊन ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती मागून घ्यावी.