पावणेतीन कोटींचे मालक
आयपीएलचा लिलाव जवळ आला की भाईंदर लोकलच्या डब्यात जो तो मुंबई इंडियन्सचा मालक होतो. ‘कॅमेरॉन ग्रीनला परत आणा!’ आणा ना, पण कशात? डिसेंबर २०२५ मध्ये लिलावासाठी अबुधाबीला जाताना मुंबईच्या खिशात जेमतेम पावणेतीन कोटी होते. ग्रीनसाठी कोलकात्याने २५ कोटी २० लाख मोजले. आपल्या वाट्याला एक कोटीत डी कॉक, तोही जुनाच भिडू. खरा व्यवहार नोव्हेंबरातच उरकला होता: लखनौकडून दोन कोटींत शार्दूल ठाकूर. पालघरचा हा पोरगा किटबॅग सांभाळत याच रेल्वेमार्गाने मुंबई गाठायचा. अर्जुन तेंडुलकर उलट लखनौला गेला, ३० लाखांत. त्यावर मात्र डब्यातले सगळे मालक गप्प!