मोटारीची चाल आणि विजेचा मितव्यय

महाड-पोलादपूरकडील पुष्कळ घरांतील तरुण मंडळी महाडच्या औद्योगिक वसाहतींत कामास जातात. त्यांच्या बोलण्यांत ‘ड्राइव्ह’ हा शब्द वारंवार येतो आणि तो गाडी हांकण्याविषयींचा असावा, असें समजून घरांतील वडील माणसें स्वस्थ बसतात. ज्या यंत्रास तो लावतात, त्याचें पूर्ण नांव ‘व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह’. त्याचें मर्म प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास ठाऊक असावें, म्हणून या महिन्यांत आम्हीं तोच विषय घेतला आहे.

आपल्याकडे येणारी वीज सेकंदास ५० आवर्तनें करते आणि साध्या मोटारीची चाल त्या आवर्तनांशीं बांधलेली असते. चार ध्रुवांच्या मोटारींतील चुंबकक्षेत्र मिनिटास १५०० फेरे घेतें. मोटार त्याच्या किंचित् मागें राहून फिरते. काम थोडें असो वा फार, तिची चाल जवळजवळ तीच. रासायनिक कारखान्यांत यंत्रें निववण्यासाठीं वैशाखांत जितकें पाणी खेळवावें लागतें, तितकें पौषाच्या थंडींत लागत नाहीं. तेव्हां जुनी रीत अशी कीं, पंप पूर्ण वेगानें चालवावा आणि झडप अर्धी मिटावी. बैलांवर आसूड ओढीत राहावें आणि त्याच वेळीं चाकाखालीं धोंडाही ठेवावा, तशांतलाच हा प्रकार! पाणी कमी होतें खरें. परंतु बरीचशी शक्ति झडपेशीं झगडण्यांत व्यर्थ जाते.

ड्राइव्ह मुळाशींच हात घालतो. आलेल्या प्रत्यावर्ती विजेचा तो प्रथम एकदिश प्रवाह करतो आणि अतिवेगानें उघडझांप करणाऱ्या अर्धवाहक कळांच्या योगें त्यांतून हव्या त्या आवर्तनाची वीज घडवितो. आवर्तनाबरोबर व्होल्टेजही उतरवितो. एरव्हीं मोटार तापेल. पंप व पंखे यांत प्रवाह वेगाच्या प्रमाणांत असतो, शक्ति मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणांत लागते. वेग ०.८ केला, तर ०.८ × ०.८ × ०.८ म्हणजे ०.५१२. एकपंचमांश पाणी कमी केलें कीं वीज जवळजवळ निम्मी!

परंतु हा नियम सरसकट लावूं नये. पोलादपूरकडील डोंगरउतारावरच्या घराचा पंप उंच टांकी भरून बंद होतो. टांकीची उंची वेगाबरोबर घटत नाहीं. पंप फार मंद केल्यास पाणी वर चढणारच नाहीं. सदैव पूर्ण भारानें चालणाऱ्या मोटारीवरही बचत नाहीं. उलट ड्राइव्ह स्वतःच थोडी वीज खातो. जेथें गरज कमीअधिक होते, तेथेंच त्याचें सार्थक. घरांतील ‘इन्व्हर्टर’ वातानुकूलन यंत्र याच तत्त्वावर चालतें.

ही बचत केवळ बिलाची नव्हे. आपल्याच रायगड जिल्ह्यांतील भिऱ्याचें विद्युद्गृह १९२७ सालीं चालू झालें. त्यासाठीं मुळशीचें धरण बांधलें गेलें आणि मावळांतील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या. त्याविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह झाला आणि सेनापति बापटांनीं त्यापायीं तुरुंगवास भोगला. महाराष्ट्रांतील बरीचशी वीज आजही दगडी कोळसा जाळून निघते. वीज कोणाच्या तरी शेताचें अथवा श्वासाचें मोल देऊन येते. यास्तव कारखान्यांत जाणाऱ्या आमच्या तरुणांस एवढेंच सांगणें : अर्धी मिटलेली झडप वर्षभर तशीच दिसली, तर ती कां मिटली आहे, हें वरिष्ठांस विनयपूर्वक, पण अवश्य विचारावें.