प्रतिमा कुठे उमटली, तेही सांगा

प्लाझ्मॉनिक भिंगांवरच्या बहुतेक लेखांत ‘विवर्तनमर्यादा ओलांडली’ हे पहिल्याच परिच्छेदात असते. प्रतिमा वस्तूपासून किती अंतरावर मिळाली आणि ती कशाने वाचली, हे मात्र शेवटच्या आकृतीखाली शोधावे लागते.

बर्कलीतल्या झांग गटाचा 2005 सालचा प्रयोग आठवा. क्रोममध्ये कोरलेली 40 नॅनोमीटर रेषांची अक्षरे, त्यांवर तेवढ्याच जाडीचा पीएमएमए, मग 35 नॅनोमीटर चांदी आणि तिला लागून फोटोरेझिस्ट. प्रकाश 365 नॅनोमीटरचा. बारीक तपशील वाहणाऱ्या, पण वस्तूपासून दूर जाताच विझणाऱ्या लहरींना चांदीवरचे प्लाझ्मॉन बळ देतात, ही पेंड्री यांची 2000 सालची कल्पना तिथे कसाला लागली. रेझिस्टमध्ये रेषा सरासरी 89 नॅनोमीटर रुंद उमटल्या. चांदीच्या जागी पीएमएमए भरल्यावर त्याच 321 नॅनोमीटरपर्यंत पसरल्या. आमच्या मते ही तुलनाच त्या निबंधाचा कणा आहे. ती नसती तर श्रेय भिंगाचे की रेझिस्टच्या प्रतिसादाचे, हे ठरवता आले नसते.

प्रतिमा थेट डोळ्यांना मात्र दिसली नव्हती. रेझिस्ट डेव्हलप करून एएफएमच्या टोकाने ती चाचपावी लागली, कारण सपाट थर वर्धन करत नाही. दोन वर्षांनी चांदी आणि अ‍ॅल्युमिनाच्या वक्र थरांच्या हायपरलेन्सने ती अडचण दूर केली आणि 150 नॅनोमीटर अंतरावरच्या रेषा नेहमीच्या ऑब्जेक्टिव्हमधून वेगळ्या दिसल्या. वस्तू तरीही थराला चिकटलेलीच हवी होती. पेशीच्या आत डोकावू पाहणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

चांदी प्रकाश शोषते, हे दुखणे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कमी चर्चा होते ती खडबडीतपणाची. फार पातळ चांदी सलग बसत नाही, तिची बेटे होतात. 2010 साली 1 नॅनोमीटर जर्मेनियमवर 15 नॅनोमीटर चांदी बसवून 30 नॅनोमीटरचा अर्धा पिच साधला, तो डिपॉझिशनच्या हातोटीमुळे.

सोन्याच्या थरात गोल खाच कोरून प्लाझ्मॉन मध्यभागी एकवटणारी भिंगे हा वेगळा प्रकार. तिथला ठिपका हवेतल्या प्रकाशाच्या मानाने लहान असतो खरा, पण प्लाझ्मॉनची तरंगलांबीच आखूड असल्याने तो तिच्या विवर्तनमर्यादेतच असतो.

म्हणून यापुढे लेखासोबत वस्तू-प्रतिमा अंतर, धातूविना घेतलेला नमुना आणि थराचा खडबडीतपणा द्यावा. एकट्या ठिपक्याची रुंदी आम्ही विभेदन म्हणून छापणार नाही. शेजारच्या दोन रेषा वेगळ्या करून दाखवाव्या लागतील.