डब्याचे तुणतुणे आणि सागवानी सुधारक

‘आपलेच तुणतुणे वाजवीत बसणे’ हा वाक्प्रचार ज्या भाषेने रूढ केला, त्या भाषेच्या सुशिक्षित पुत्रांपुढे तुणतुण्याच्या डागडुजीचा प्रश्न मांडणे हे धाडसच होय. वीणेचे नाव सरस्वतीशी जडले, बासरीचे कृष्णाशी, आणि तुणतुण्याचे मात्र कंटाळवाण्या माणसाशी! एकच सूर धरून बसणे हा दोष मानावा, तर तंबोराही मैफलभर चार तारांवर तेच ते सांगत असतो. पण त्यास कंटाळवाणा म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तंबोरा गवयाच्या मागे गालिच्यावर बसतो आणि तुणतुणे गोंधळ्याच्या काखेत असते, एवढाच काय तो भेद. हा भेद कानाचा नव्हे, पैशाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परभणीहून जिंतुराकडे जाताना लागणाऱ्या बोरी ह्या गावी एका गोंधळ्याच्या घरचे जुने तुणतुणे आमच्या पाहण्यात आले. त्याचे अंग लाकडाचे नसून वनस्पती तुपाच्या जुन्या गोल डब्याचे होते. तळ कापून तेथे बकऱ्याचे चामडे ताणलेले, बाजूस बांबूची काठी आवळून बांधलेली, काठीच्या माथ्याशी घरीच तासलेली खुंटी, आणि चामड्याच्या मध्यातून निघून डब्याच्या पोकळीतून वर खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. चामडे एका कडेस फाटले होते, काठीस चीर गेली होती, डब्याच्या काठास गंज चढला होता. ज्याच्या घरी ते होते त्याला ते दुरुस्त करून हवे होते आणि तसेच दुसरे एक पोरासाठी हवे होते. मागणी इतकी साधी. परंतु त्याच्या एका शिकलेल्या हितचिंतकाने जी योजना पुढे केली ती ऐकून आम्हांस लेखणी हाती धरणे भाग पडले. डबा फेकून सागवानी नळकांडे करावे, घरगुती खुंटीच्या जागी गिटारची दातेरी चावी बसवावी, चामड्याऐवजी पावसाळ्यात सैल न पडणारा प्लास्टिकचा पडदा ताणावा, वर चकचकीत व्हार्निश द्यावे. आणि असे दहा नग करून शहरातल्या दिवाणखान्यांत भिंतीवर टांगावयास विकावे!

ह्या सुधारकांचा हेतू वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ते तुणतुण्यास सोयरीक पाहावयास निघालेल्या मुलीप्रमाणे नटवू इच्छितात, इतकेच. परंतु वाद्य म्हणजे काय ह्याचा विचार त्यांनी केलेला नाही. सतारीस घोडी असते. तार घोडीवर दाब देते आणि घोडी तबलीस हलविते. तुणतुण्यास घोडीच नाही. तार थेट चामड्याला लटकलेली आहे. चामड्याखाली तिची गाठ, व ती गाठ चामडे फाडू नये म्हणून एक छोटी चकती. काडीने तार छेडली की तिची ओढ आडमार्गाने न जाता सरळ चामड्यास बसते, आणि डब्याची पातळ भिंत तीस स्वतःची थोडी किणकिण जोडते. तो टणक, किंचित कर्कश सूर हा अपघात नव्हे. संबळाची जोडी कडाडत असते, झांज वाजत असते, अंगण उघडे असते, दिवटी पेटलेली असते. अशा गदारोळात गाणाऱ्याच्या कानी षड्ज पोहोचवणे हे त्या डब्याचे काम. जाड सागवानी भिंतीआड गोड व मऊ झालेला सूर दिवाणखान्यात शोभेल, पण अंगणात गाणाऱ्यास तो ऐकू येणार नाही. चामडे दमट हवेत सैल पडते हे खरे. म्हणूनच गोंधळी ते विस्तवाशी शेकतो आणि पुन्हा ताठ करतो. जे शेकून ताठ होते ते बदलावयाचे कशाला?

लाकूड पोखरून केलेली तुणतुणीही असतात, आणि ती त्यांच्या ठिकाणी उत्तमच. लाकडाचे दुरुस्त करावे ते लाकडात, डब्याचे डब्यात. जेथे जे हाती लागले त्यातून वाद्य उभे राहिले, हा त्याचा इतिहास आहे. आणि तो इतिहास पुसून त्या जागी कल्पित प्राचीन वैभव चिकटवणे ही डागडुजी नव्हे, बनावट होय.

ह्याच प्रश्नाचा निकाल सातासमुद्रापलीकडे एका गरीब वाद्याच्या बाबतीत केव्हाच लागला आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील काळ्या मजुरांच्या ब्लूज गाण्यांची साथ पुष्कळदा ‘स्टेला’ नावाच्या स्वस्त गिटारीने केली. न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथे ऑस्कर श्मिट कंपनीच्या कारखान्यात ती होत असे. लाकूड बहुधा बर्चचे, पुष्कळदा वर रंगरेषा काढून भारी लाकडाचा भास आणलेला. आणि आतील आधारपट्ट्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या चिकटवलेल्या, कारण ते काम झटपट होई. उंची गिटारींत ह्या पट्ट्या एकमेकींस छेदून तिरप्या बसवतात, आणि जाणकार शिडीच्या रचनेस हलकी समजत. १९३३ साली जॉन लोमॅक्स व त्यांचे चिरंजीव ॲलन ह्यांनी लुइझियानातील अँगोला तुरुंगात ज्याची गाणी ध्वनिमुद्रित केली, तो लेडबेली पुढे बारा तारांच्या स्टेलामुळेच ओळखला गेला. त्याच्या गाण्याने वेडावलेले आजचे कारागीर जेव्हा जुन्या स्टेला दुरुस्त करू लागले व तशाच नव्या घडवू लागले, तेव्हा त्यांना उमगले की तिरप्या पट्ट्या घातल्या की गिटार ‘सुधारते’ आणि तो जुना आवाज मात्र निघून जातो. म्हणून ते आज शिडीची रचना मुद्दाम राखतात. जी रचना काटकसरीतून जन्मली तीच त्या आवाजाची माता होती.

परंतु ह्या कथेचे पुढचे प्रकरण आम्हांस तितकेसे रुचत नाही. टपालाने मागवता येणाऱ्या त्या मजुराच्या गिटारीची हुबेहूब प्रतिकृती आज हजारो डॉलरांस विकली जाते. गरिबाचे वाद्य वाचले खरे, पण गरिबाच्या हातून गेले. दिवाणखान्याच्या भिंतीवरचे आमच्या हितचिंतकाचे तुणतुणे ह्याच वाटेचे प्रवासी आहे. फरक इतकाच की स्टेलाची नक्कल निदान वाजते तरी.

कोणी म्हणेल, महाराष्ट्रात वाद्यकारागिरीची कदर नाही असे कसे म्हणता? मिरजेकडे पाहा. पाहिले. शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून तेथे सतार-तंबोऱ्याचे कारागीर कसे निपजले, फरीदसाहेबांचे नाव कसे गाजले, हे सर्वश्रुत आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही लाभले, आणि ते सर्वथा योग्य झाले. परंतु तुणतुणे करणाऱ्या एका तरी कारागिराचे नाव सुज्ञ वाचकांपैकी कोणास सांगता येईल काय? परभणीच्या राजारामबापू कदमांसारख्या गोंधळ्यांनी ही कला गावाबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत नेली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि त्यांच्या साथीदाराच्या काखेत काय होते हे पाहिलेही नाही.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो, कारण तो दिवाणखान्यातून आलेला नसून खुद्द गोंधळ्यांच्या घरांतून आलेला आहे. ‘हे मागणाऱ्याचे वाद्य, आमच्या पोरांनी ते का धरावे?’ ज्या जातीने पिढ्यान्पिढ्या दारोदार हिंडून अपमान सोसला तिच्या मुलाने तुणतुणे टाकून शाळेची वही धरली, तर त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हां पांढरपेशांस बिलकुल नाही. त्याने ते वाजवलेच पाहिजे असा आग्रह धरणारे संस्कृतिरक्षक स्वतःच्या मुलांस मात्र इंजिनियर करतात. आमचे म्हणणे इतकेच, की ज्याला ते वाजवावयाचे आहे त्याला ते मोडके म्हणून, किंवा महाग म्हणून, सोडावे लागू नये. बोरीचा तो गृहस्थ मुलास शाळेतही धाडतो आणि तुणतुणेही मागतो. ह्यात आम्हांस विसंगती दिसत नाही.

मग करावे काय? फार खर्चाचे काही नाही. जुने तुणतुणे उकलण्यापूर्वी ते जसे आहे तसे वाजवून आवाज मुद्रित करावा. आज प्रत्येकाच्या खिशात त्याचे साधन आहे. डब्याची उंची व व्यास, काठीची लांबी, तारेची जाडी, चकतीचे माप, चामडे कोणत्या जनावराचे, हे सर्व वहीत उतरवावे. गंज सैल असेल तेवढाच पुसावा. घासून डबा नवा करू नये, कारण पत्रा पातळ झाला की आवाज बदलतो. चिरलेली काठी सुतळीने आवळून चालत असेल तर बदलू नये. बदलावीच लागली तर जुनी फेकू नये. नव्या काठीसाठी माप तिच्यावरूनच घ्यावयाचे आहे. प्रतिकृती करावयाची ती गावातल्या सुताराकडून, गावात मिळणाऱ्या डब्याची, आणि वाजवणाऱ्यास परवडेल अशा दरात. परभणी-जिंतुराकडील शाळांतून कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले करवून घेतात, त्याऐवजी एकदा हे करवून पाहावे. मुलांस ध्वनीचा धडा पुस्तकाबाहेर समजेल, आणि जे तुणतुणे तयार होईल ते पहिल्यांदा एखाद्या गोंधळ्याच्या हाती देऊन त्याचे मत विचारावे. तो नाक मुरडील तर चामडे पुन्हा ताणावे.

बोरीच्या त्या तुणतुण्यास तूर्त नवे चामडे हवे आहे, आणि ते पावसाळ्यापूर्वी चढविणे बरे. सागवानाची चौकशी हितचिंतकाने अद्याप थांबविलेली नाही, असे कळते.