दुखणें तसेंच, देऊळ मात्र भुईसपाट

साम्यवादाचें नांव निघालें कीं गांवचे प्रतिष्ठित गृहस्थ लगेच म्हणतात, "ते देव न मानणारे लोक, त्यांचें ऐकूं नका." उलट कित्येक तरुण म्हणतात, "धर्म म्हणजे अफू. मार्क्सनें सांगून ठेवलें आहे, मग वाद कशाला?" आमच्या मतें दोघेहि मार्क्सचें अर्धेंच म्हणणें सांगतात. सबब आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांपुढें हें प्रकरण आम्ही आज मांडतों.

कार्ल मार्क्सचा तो लेख १८४४ सालीं छापला गेला. त्या काळीं अफू ही नुसती चैनीची नशा नव्हती. युरोपांत घरोघर ती दुखण्यावरचें औषध म्हणून घेत. आपल्या मुंबईंतहि गिरणींत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी देऊन निजवीत. पोर निजे, पण त्याची भूक जात नसे. मार्क्सच्या म्हणण्याचें मर्म हेंच आहे. गांजलेला माणूस धर्मापाशीं रडतो आणि घटकाभर त्याला बरें वाटतें. त्याच्या रडण्याला हसून काय होणार? ज्या व्यवस्थेनें त्याला रडविलें ती बदलली पाहिजे.

आतां हें तत्त्वज्ञान ज्या देशानें राज्यावर बसविलें त्या रशियाकडे पहा. झारच्या अमलांत तेथील चर्च हें १७२१ पासून सरकारचेंच एक खातें होऊन बसलें होतें. १८६१ पर्यंत कोट्यवधि शेतकरी जमीनदारांचे बंदे होते. सुटका झाली तीहि फुकट नव्हे. जमिनीच्या किंमतीचे हप्ते ते १९०७ पर्यंत फेडीत होते. आणि झार हा देवानेंच नेमलेला धनी आहे, असें पाद्री त्यांना सांगत असे. १९१८ च्या आरंभीं बोल्शेव्हिक सरकारनें हुकूम काढून चर्चला सरकारापासून व शाळेपासून वेगळें केलें. एवढें काम न्यायाचें होतें, असें आम्ही उघड म्हणतों.

परंतु गाडी तेथें थांबली नाहीं. १९२१-२२ सालीं व्होल्गा नदीच्या कांठीं भयंकर दुष्काळ पडला. भुकेल्यांसाठीं म्हणून चर्चचें सोनेंरुपें जप्त झालें. पण १९ मार्च १९२२ च्या गुप्त पत्रांत लेनिननें आपल्या सोबत्यांस कळविलें कीं, लोक उपासमारीनें टेकीस आले आहेत, पाद्र्यांवर घाव घालण्याची वेळ हीच. १९२५ सालीं निरीश्वरवाद्यांचा संघ निघाला. ५ डिसेंबर १९३१ रोजीं मॉस्कोचें सर्वांत मोठें चर्च सुरुंगानें उडविलें. आणि याच वर्षांत शेतकऱ्याचें काय झालें? १९२९ पासून त्याची जमीन व गुरें सक्तीनें सामुदायिक शेतींत ओढलीं, धान्य उचलून नेलें, आणि १९३२-३३ च्या दुष्काळांत पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं. बाळगोळी हिसकावून घेतली, आणि वाटींतलें दूधहि!

एवढें करून धर्म गेला काय? १९३७ च्या शिरगणतींत धर्माचा प्रश्न विचारला, तेव्हां सोळा वर्षांवरील निम्म्याहून अधिक माणसांनीं आपण श्रद्धाळू असल्याचें सांगितलें. धरपकडीच्या त्या वर्षीं असें सांगणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. सरकारनें ती शिरगणतीच दडपली व ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना तुरुंग दाखविला. १९४३ सालीं महायुद्धांत लोकांचें बळ हवें झालें, तेव्हां स्टॅलिननेंच धर्मगुरूंना बोलावून आपला मुख्य निवडण्याची परवानगी दिली. मॉस्कोंत पाडलेल्या चर्चच्या जागीं भव्य राजवाडा उठणार होता; तो उठलाच नाहीं. पुढें तेथें पोहण्याचा तलाव झाला, आणि २००० सालीं पुन्हां चर्चच उभें राहिलें. ज्या राज्यकर्त्यांनीं संतांच्या अस्थींच्या पेट्या चवाठ्यावर उघडून लोकांस हंसविलें, त्यांनींच १९२४ सालीं लेनिनचें प्रेत मसाला भरून दर्शनाला ठेवलें. देव्हारा रिकामा केला, पण पूजेची खोड गेली नाहीं.

वाचकहो, यांतून घ्यावयाचें तें घ्या. धर्मावर टीका करणारा दारीं आला तर त्याला हांकलूं नका, एवढेंच विचारा कीं, "बाबा, माझ्या दु:खाचें मूळ तूं उपटणार, कीं माझ्या तोंडचें देवाचें नांव तेवढें दंडुक्यानें काढून घेणार?" आणि "नास्तिकाचें ऐकूं नका" म्हणून बजावणाऱ्या गृहस्थालाहि सोडूं नका. त्याला विचारा, "तो नास्तिक असेल, पण खंड, व्याज आणि मजुरी यांचा हिशेब त्यानें विचारला, त्याचें उत्तर काय?" पहिल्याला धमकावतां येणार नाहीं आणि दुसऱ्याला लपतां येणार नाहीं.

पोर जेवल्यावर गोळी मागेल कीं नाहीं, तें त्याचें तें ठरवील. आधीं त्याच्या ताटांत भाकरी पडूं द्या.